एडवर्डकालीन कामगार-घराची आरोग्य तपासणी: एका घराचा माग पायरीपायरीने कसा काढावा

लंडन, बर्मिंगहॅम, ग्लासगो इथल्या १९०१ ते १९१४ मधल्या कामगार वस्त्यांवर प्रबंध, कादंबरी किंवा नाटक लिहिणाऱ्यांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. (सातव्या एडवर्डची कारकीर्द १९१० ला संपली, पण काळ मोजताना महायुद्धापर्यंत नेण्याचा प्रघात आहे. इथेही तसंच धरलं आहे.) त्यांतल्या बहुतेकांत एक ठरलेला प्रसंग असतो. इन्स्पेक्टर दार ठोठावतो, नाकाला रुमाल लावतो, वहीत काहीतरी खरडतो आणि दुसऱ्या दिवशी कुटुंब बोचकी घेऊन रस्त्यावर येतं.

असं होत नव्हतं. दारावरची थाप आणि रिकामं झालेलं घर यांच्यामध्ये नोटिसा, फेरतपासण्या, समितीचे ठराव आणि बऱ्याचदा मॅजिस्ट्रेटचं कोर्ट असे. बहुतेक घरांची गोष्ट त्या टोकापर्यंत पोचतही नसे. ती एखाद्या तुंबलेल्या संडासाच्या दुरुस्तीवर संपे.

चूक का होते तेही कळतं. तपासणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १८९७ चं पुणं उभं राहतं: प्लेगची साथ, रँड, घरात शिरणारे गोरे सोल्जर. तो साथरोग कायद्याखालचा आणीबाणीचा कारभार होता. इंग्लंडमधली रोजची तपासणी वेगळ्या कायद्याने, वेगळ्या माणसांकडून आणि फार संथ चालत असे. पहिलं चित्र दुसऱ्यावर चिकटवलं की पुढचं सगळं चुकत जातं. म्हणून एका घराचा माग कागदांतून कसा काढायचा ते इथे क्रमाने देतो. क्रम मोडू नका.

## १. तयारी: कागद उघडण्याआधी

गाव ठरवा, म्हणजे कायदा ठरेल. लंडनबाहेरच्या इंग्लंड-वेल्समध्ये १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा, लंडनमध्ये १८९१ चा स्वतंत्र कायदा, स्कॉटलंडमध्ये १८९७ चा. याशिवाय इंग्लंडभर १८९० चा कामगारवर्गाच्या घरांचा कायदा. मँचेस्टरच्या घराला लंडनचं कलम लावलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. नंतर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. हुद्द्याचंही तसंच: लंडनमध्ये ‘सॅनिटरी इन्स्पेक्टर’, बाहेरच्या कायद्यात ‘इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस’ (न्यूसन्स म्हणजे उपद्रव: आरोग्याला घातक घाण किंवा दोष). दोघांच्या वर मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे आरोग्य अधिकारी. तो डॉक्टर असे, इन्स्पेक्टर डॉक्टर नसे.

तारीख ठरवा. ३ डिसेंबर १९०९ ही सीमारेषा आहे. त्या दिवशी घरबांधणी आणि नगररचनेचा नवा कायदा आला आणि घर बंद करण्याचा अधिकार कुणाचा, हेच बदललं. तुमचं घर या तारखेच्या अलीकडचं की पलीकडचं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घराचा क्रमांक पक्का करा. रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक बदलत असत, लंडनमध्ये तर फारच. त्या काळचा मोठ्या प्रमाणाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा-खात्याचा) नकाशा आणि त्या वर्षाची ट्रेड डिरेक्टरी शेजारी ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानापासून घरं मोजा. आडबोळातली घरं डिरेक्टरीत बहुधा सापडत नाहीत. त्यांना ‘कोर्ट १५, घर ३’ असा वेगळा पत्ता असे. हे ‘कोर्ट’ न्यायालय नव्हे, सामायिक अंगणाभोवतीची घरं.

> तपासून पाहा: नकाशा, डिरेक्टरी आणि जनगणना या तिघांत घर एकाच जागी येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. कोणता कागद काय सांगतो

आरोग्य अधिकाऱ्याचा वार्षिक अहवाल सगळ्यात सहज मिळतो. लंडनचे १८४८ ते १९७२ या काळातले साडेपाच हजारांवर अहवाल वेलकम ग्रंथालयाने ‘लंडन्स पल्स’ या नावाने खुले केले आहेत. पण अहवालात बेरजा असतात. एखादं घर नावानिशी क्वचितच भेटतं.

घर भेटतं ते नगरपालिकेच्या आरोग्य समितीच्या इतिवृत्तांत. ही स्थानिक अभिलेखागारात असतात. इन्स्पेक्टरच्या स्वतःच्या वह्या फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. मिळाली तर आधी तीच वाचा.

दोन कागद लोक विसरतात. पहिला १९११ च्या जनगणनेचा तक्ता. तो कुटुंबप्रमुखाने स्वहस्ते भरलेला असून त्यात खोल्यांची संख्या आहे. स्वयंपाकघर धरायचं, पण भांडी-धुण्याची मोरी (स्कलरी), जिना, बोळ, न्हाणी धरायची नाही, असा तेव्हाचा नियम होता. १९०१ च्या जनगणनेत मात्र पाचपेक्षा कमी खोल्या असतील तरच आकडा लिहीत. रकाना मोकळा दिसला म्हणून माहिती गहाळ झाली असं समजू नका. दुसरा कागद १९१० च्या जमीन-मूल्यांकनाची फील्ड बुकं. ती क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आयआर ५८ या मालिकेत आहेत. अनेक नोंदींत खोल्या, भाडं, दुरुस्तीची अवस्था आणि मालकाचं नाव एकाच जागी सापडतं.

## ३. शब्दांचा सापळा

तुम्ही कागद वाचायला लागलात की पहिली ठेच इथे लागते.

बर्मिंगहॅमच्या नोंदीत ‘ब्रूहाउस’ दिसला की लोक कोर्टात दारू गाळली जात होती असं लिहितात. ते अंगणातलं सामायिक धुणीघर. त्यातलं ‘कॉपर’ म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं. उत्तर इंग्लंडमध्ये ‘हाउस’ म्हणजे कधीकधी नुसती खालची बैठकीची खोली. ग्लासगोत ‘हाउस’ म्हणजे एका कुटुंबाचं बिऱ्हाड, मग ते एका खोलीचं का असेना, आणि आख्ख्या इमारतीला ‘लँड’. ग्लासगोच्या ‘पन्नास घरं’ या आकड्याची लीड्सच्या पन्नास घरांशी थेट तुलना करणं म्हणजे चाळीतल्या खोल्या आणि वाडे एका मापाने मोजण्यासारखं आहे.

‘मालक’ हा शब्द तर सगळ्यात फसवा. १८७५ च्या कायद्यात जो पूर्ण भाडं घेतो तो मालक, मग स्वतःसाठी घेवो की दुसऱ्याचा एजंट म्हणून. त्यामुळे नोटिशीवरचं नाव कित्येकदा भाडं गोळा करणाऱ्या माणसाचं असतं. त्याला जमीनदार ठरवून त्याच्या श्रीमंतीवर परिच्छेद लिहू नका.

> सावध: भाषांतर करण्याआधी प्रत्येक शब्दापुढे गावाचं नाव लिहा. शब्द तोच असला तरी गावागणिक वस्तू बदलते.

## ४. इन्स्पेक्टर त्या दिवशी का आला?

त्याच्या येण्याला कारण असे आणि ते नोंदीत शोधता येतं. बहुधा यांपैकी एक:

- शेजाऱ्याची किंवा भाडेकरूची तक्रार.
- घरात साथीचा आजार. १८८९ च्या कायद्याने काही आजार कळवायची सोय केली आणि १८९९ पासून ती देशभर सक्तीची झाली.
- रस्त्यागणिक ठरवून केलेली घरोघर तपासणी.
- घर पोटभाड्याने दिलेल्या बिऱ्हाडांच्या नोंदवहीत असणं.

क्षयाबद्दल खास सांगतो, कारण कथांमध्ये क्षय हमखास असतो. फुप्फुसाचा क्षय देशभर कळवणं सक्तीचं झालं ते १९१२ मध्ये. त्याआधी काही शहरांनी आपापली वाट काढली होती. मँचेस्टरने १८९९ पासून ऐच्छिक पद्धत ठेवली, शेफील्डने १९०३ च्या स्वतःच्या कायद्याने सक्ती आणली. १९०५ च्या लंडनमधल्या नायिकेला खोकल्यातून रक्त पडलं म्हणून इन्स्पेक्टर आला, असं दाखवायचं तर वेगळं कारण द्यावं लागेल.

आणि दारात आलेली प्रत्येक व्यक्ती इन्स्पेक्टर नसे. हेल्थ व्हिजिटर बाई तान्ह्या मुलाला बघायला येत. आईने दार उघडलं नाही तर त्यांना आत शिरण्याचा हक्क नव्हता.

## ५. वेळ तपासा: दिवसाची भेट की रात्रीची?

१८७५ च्या कायद्यात उपद्रव तपासायला घरात शिरण्याची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी होती. प्रवेश नाकारला तर मॅजिस्ट्रेटकडून हुकूम आणावा लागे. म्हणजे साध्या घरावर मध्यरात्रीची धाड दाखवली असेल तर ती खोडा.

रात्रीची तपासणी होत असे, पण विशिष्ट घरांची. सगळ्यात प्रसिद्ध ग्लासगोची ‘तिकीट’ घरं. तीन खोल्यांपर्यंतच्या आणि एकूण २,००० घनफुटांच्या आतल्या बिऱ्हाडाच्या दारावर पत्र्याचं तिकीट ठोकलेलं असे. त्यावर घनफूट आणि किती माणसं राहू शकतात तो आकडा. १८६२ च्या कायद्यात माणशी ३०० घनफूट, १८९० मध्ये ते ४०० झाले. आठ वर्षांखालचं मूल अर्धं. मध्यरात्रीनंतर इन्स्पेक्टर येऊन झोपलेली डोकी मोजत आणि जास्तीची माणसं कपाटात, पलंगाखाली, छपरावर लपत. थंडीत छपरावर बसलेली ती माणसं नोंदीत येतात ती फक्त ‘जादा: २’ अशी. हे वाचताना मला नेहमी थांबावं लागतं.

## ६. घर बाहेरून आत चाला

आता नकाशा आणि नोंद घेऊन मनाने घरात जा. १९१० च्या तपासणी-नियमांनी कोणत्या बाबी नोंदवायच्या ते ठरवून दिलं: पाण्याची सोय, संडास, सांडपाणी, उजेड-हवा-ओल-स्वच्छता, अंगणाची फरसबंदी, केर आणि राख टाकायची व्यवस्था, जमिनीखालच्या खोल्या आणि इतर दोष. त्याआधीच्या नोंदींसाठीही हीच यादी हाताशी ठेवा. एखाद्या बाबीबद्दल नोंद गप्प असेल तर तसंच लिहा. ‘गप्प’ म्हणजे ‘ठीक’ नव्हे.

अंगण. नळ कुठे आहे आणि किती घरांत मिळून? संडास किती? फरशी फुटून पाणी साचतं का? संडास कोणत्या जातीचा तेही लिहा: पाण्याचा, बादलीचा की राखेच्या खड्ड्याचा. मँचेस्टरमध्ये एका रस्त्यावर बादल्या आणि पुढच्या रस्त्यावर पाणी, असं शक्य होतं. उन्हाळ्यातल्या बालातिसाराचा आणि या खड्ड्यांचा, त्यांवरच्या माश्यांचा संबंध आरोग्य अधिकारी वर्षानुवर्षं मांडत होते, त्यामुळे हा रकाना दुय्यम समजू नका.

भिंत. घराला मागचं दार आहे का? बर्मिंगहॅम आणि लीड्समध्ये हजारो घरं पाठीला पाठ लावून (‘बॅक-टू-बॅक’) बांधलेली होती. मागची भिंत शेजाऱ्याची, त्यामुळे हवा एका बाजूनेच आत येई. अशी नवी घरं बांधायला १९०९ च्या कायद्याने मनाई केली, पण आधी मंजूर झालेले आराखडे सुटले आणि लीड्समध्ये बांधकाम पुढे १९३० च्या दशकापर्यंत चालू राहिलं. तेव्हा ‘१९०९ नंतर बॅक-टू-बॅक संपली’ हे वाक्य लिहू नका. बर्मिंगहॅमला जाणं झालं तर हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं कोर्ट १५ नॅशनल ट्रस्टने जपलं आहे, ते बघा. खोलीत उभं राहून दोन्ही हात पसरल्यावर जे कळतं ते कागदावरच्या फुटांतून कळत नाही.

तळघर. १८७५ च्या कायद्यात राहत्या तळघराची उंची किमान ७ फूट हवी आणि त्यातले किमान ३ फूट रस्त्याच्या पातळीवर हवेत. दोन्ही आकडे तपासा. उंची पुरेशी असून खोली पूर्ण जमिनीखाली असेल तरी ती नियमात बसत नाही.

ओल. पन्हळ फुटल्याने वरून येणारी, जोत्यात ओलरोधक थर नसल्याने खालून चढणारी आणि चुलीवरच्या वाफेची. तिघींची दुरुस्ती वेगळी आणि जबाबदार माणूसही वेगळा.

## ७. गर्दी मोजताना दोन फूटपट्ट्या मिसळू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबू.

जनगणनेची गर्दी म्हणजे खोलीमागे दोनपेक्षा जास्त माणसं. इथे तान्हं मूलही एक. हा संख्याशास्त्राचा निकष झाला, त्यावर कुणाला नोटीस निघत नसे. १८७५ च्या कायद्यात आकडा नाहीच. राहणाऱ्यांच्या आरोग्याला धोका होईल इतकी गर्दी, एवढंच म्हटलं आहे. आकडे आले ते पोटभाड्याच्या घरांच्या उपविधींत, म्हणजे स्थानिक संस्थेच्या नियमांत. नमुना उपविधींनुसार फक्त झोपायच्या खोलीत माणशी ३०० घनफूट, झोपायच्या आणि वावरायच्या खोलीत ४००. दहा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या निम्मे.

एक हिशेब करून पाहू. घर मी उदाहरणापुरतं रचलं आहे. खालची खोली १३ × १२ × ८ फूट, म्हणजे १,२४८ घनफूट. वरची १२ × १० × ८, म्हणजे ९६०. आई, वडील आणि चार मुलं: १२, ८, ५ वर्षांची आणि सहा महिन्यांचं.

१. जनगणनेच्या मापाने: सहा माणसं, दोन खोल्या. खोलीला तीन. गर्दी आहे.
२. उपविधीच्या मापाने, वर आई-वडील आणि दोन धाकटी: ३०० + ३०० + १५० + १५० = ९००. बसतं. खाली बारा आणि आठ वर्षांची: ४०० + २०० = ६००. आरामात बसतं. गर्दी नाही.
३. तेच कुटुंब खालची खोली पाहुण्यांसाठी राखून वरच झोपलं: ९०० + ४५० = १,३५०. खोली ९६० ची. गर्दी आहे.

घर तेच, माणसं तीच. इन्स्पेक्टरला विचारावं लागे की रात्री कोण कुठे झोपतं, आणि दिवसा मिळालेलं उत्तर खरं असेलच असं नाही.

> तपासून पाहा: छत उतरतं असेल तर सरासरी उंची घेतली का? मुलांचं वय तपासणीच्या तारखेचं आहे की जनगणनेच्या?

## ८. ‘ड्रेन टेस्टेड’ म्हणजे नेमकं काय?

तीन चाचण्या होत्या. धुराची: यंत्राने किंवा धुराच्या कांडीने नळात धूर सोडायचा, वरचे तोंड बंद करायचे आणि घरात कुठून धूर येतो ते पाहायचं. पेपरमिंटची: वरच्या नळातून पेपरमिंट तेल गरम पाण्यासोबत ओतायचं आणि दुसऱ्या माणसाने घरात वास घ्यायचा. ज्याने तेल हाताळलं त्याने चाचणी होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर त्याच्या कपड्यांचाच वास सगळीकडे येतो. पाण्याची: खालचं तोंड बुजवून नळ भरायचा आणि पातळी उतरते का बघायचं. जुने मातीचे सांधे पाण्याच्या चाचणीत सहज हरतात, धुराच्या चाचणीत तरतात. म्हणून नुसतं ‘उत्तीर्ण’ लिहू नका, कोणत्या चाचणीत ते लिहा.

जमीन खणून गटार उघडायचं असेल तर १८७५ च्या कायद्यात लेखी तक्रार आणि राहणाऱ्याला २४ तासांची लेखी सूचना लागे. तातडीच्या वेळी सूचनेची अट सुटे.

## ९. नोटिसांची साखळी: दोन वाटा वेगळ्या ठेवा

पहिली वाट, उपद्रवाची. तुंबलेला संडास, गळकं छप्पर, घाण अंगण, गर्दी. आधी बऱ्याचदा साधी सूचना, मग कायद्याची नोटीस. दोष बांधकामाचा असेल तर नोटीस मालकाला, नाहीतर ज्याच्यामुळे उपद्रव झाला त्याला, म्हणजे कधी भाडेकरूलाच. मुदतीत काम झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे तक्रार आणि मग हुकूम.

दुसरी वाट, राहण्यास अयोग्य घराची. ही १८९० च्या कायद्याच्या दुसऱ्या भागाची. आरोग्य अधिकारी घर अयोग्य असल्याचं लेखी कळवतो. शेजारच्या चार घरधन्यांनाही त्याच्याकडे तक्रार करता येई. १९०९ पूर्वी घर बंद करण्याचा हुकूम कोर्टाकडून आणावा लागे. १९०९ नंतर तो स्थानिक संस्था स्वतः काढू लागली आणि मालकाला अपील लोकल गव्हर्नमेंट बोर्डाकडे, म्हणजे स्थानिक संस्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे, करावं लागे. हुकूम तीन महिने टिकला की घर पाडायचं का, याचा विचार करणं संस्थेवर बंधनकारक.

आख्खी वस्ती उठवायची योजना याहून वेगळी. ती त्याच कायद्याच्या पहिल्या भागात येते. मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नागपाड्यात जे हाती घेतलं ते या जातीचं. एका घराच्या बंदी-हुकुमाला ‘वस्ती निर्मूलन’ म्हणू नका.

१९०९ नंतरची आणखी एक मेख. ठरावीक भाड्याखालची घरं (लंडनमध्ये वर्षाला ४० पौंड, ५०,००० आणि त्यावर लोकसंख्येच्या शहरांत २६, इतरत्र १६) राहण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकावर आली. दुरुस्तीची नोटीस आल्यावर मालकाला ‘मी घर बंदच करतो’ असं कळवण्याची मुभा होती. नोंदीत घर बंद झालेलं दिसेल, पण ते स्थानिक संस्थेने बंद केलं की मालकाने खर्च वाचवण्यासाठी, हे तुम्हाला शोधावं लागेल. भाडेकरूच्या दृष्टीने ‘सुधारणे’चा अर्थ इथे पार उलटतो.

> सावध: ‘नोटीस दिली’ हा निकाल नव्हे. पुढची नोंद सापडेपर्यंत निकालाचा रकाना मोकळा ठेवा.

## १०. अहवालातले तक्ते वाचताना

‘तपासण्या’ म्हणजे घरं नव्हेत. एकाच घराच्या चार फेरतपासण्या चार म्हणून मोजलेल्या असू शकतात. एका घराला संडास, छप्पर आणि ओल अशा तीन नोटिसा निघाल्या असतील. १९१० च्या नियमांनंतर आरोग्य अधिकाऱ्याला अहवालात ठरावीक आकडे द्यावे लागत: किती घरं तपासली, किती अयोग्य ठरली, किती बंदी-हुकूम निघाले, किती घरांतले दोष हुकुमाशिवाय दूर झाले. हा शेवटचा आकडा लोक वगळतात. मी सगळ्यात आधी तोच बघतो, कारण बहुतेक काम तिथे झालेलं असतं. नोटिसा एका वर्षी दुप्पट झाल्या तर घरं बिघडली असं लगेच म्हणू नका. आधी त्या वर्षी इन्स्पेक्टर किती होते ते पाहा.

## ११. माणसांचा माग शेवटपर्यंत काढा

घर बंद झालं की बहुतेक मसुदे थांबतात. तुम्ही थांबू नका. १८९० च्या कायद्यात बंद घरातून निघणाऱ्या भाडेकरूला सामान हलवण्याचा वाजवी खर्च देण्याची मुभा स्थानिक संस्थेला होती. ती रक्कम दिली गेली का, ते समितीच्या इतिवृत्तात आणि हिशेबात शोधा. मग कुटुंबाचं नाव घेऊन आजूबाजूच्या चार-पाच रस्त्यांची १९११ ची जनगणना आणि शाळांची प्रवेश-पुस्तकं पाहा. भाडं परवडणारी जागा आणि बापाचं काम दोन्ही जवळच असल्याने कुटुंबं फार दूर जात नसत. नवा पत्ता सापडला की त्या घराचा क्रमांक घ्या आणि पहिल्या पायरीपासून तीच तपासणी त्याही घराची करा. पुढच्या दोन-तीन वर्षांत तोच इन्स्पेक्टर त्या दारातही आला होता का, ते वहीत बघा.